दाखविणे, सुचविणे आणि लपविणे

चित्रपटात दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे प्रेम आले, की त्यासंबंधीच्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "असे प्रेम जगात असेल, आम्ही ते नाकारीत नाही, पण ते इतके उघड दाखविण्याची गरज काय?" हे वाक्य उच्चारणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो वाचणारा असतो, नाटक-चित्रपटांची आवड असलेला असतो, आणि आपण अभिरुचीच्या बाजूने बोलत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्याला प्रतिगामी म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण त्यात न्याय नाही. संयम हा कलेचा खरोखरीचा गुण आहे. म्हणून हा प्रश्न आदराने घ्यावा, आणि त्याचे उत्तर हल्लीच्या वादावादीत न शोधता इतिहासात शोधावे, हे बरे. चित्रपटकला जेमतेम सव्वाशे वर्षांची. पण तेवढ्या अवधीत या प्रश्नाची परीक्षा अनेक देशांत होऊन गेली आहे.

प्रारंभ आपल्या घरापासून करू. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी शयन, चुंबन, आलिंगन आदी क्रिया रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नयेत असे सांगितले आहे. त्यासाठी दिलेले कारण मोठे घरगुती आहे. नाटक हे पिता आणि पुत्र, सासू आणि सून यांनी एकत्र बसून पाहावयाचे असते, म्हणून! नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडला आणि जे शब्दांनी सांगितले जात नाही तेच काव्यात अधिक प्रभावी ठरते, हे साधार दाखवून दिले. कालिदासासारख्या महाकवीने पार्वती-परमेश्वरांचा शृंगार वर्णिला, तो उचित की अनुचित, हाही प्रश्न त्याने टाळला नाही. पुढे अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्यावर स्वतंत्र ग्रंथच रचला. तेव्हा 'किती दाखवावे' हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

परंतु या परंपरेतील दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे विसरतो. पहिली अशी, की भरताचा नियम सर्वांना सारखा होता. राजा असो, विट असो, पट्टराणी असो की गणिका असो, रंगमंचावर आलिंगन कोणाचेच नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या नियमामुळे क्रिया झाकली जात असे, प्रेम झाकले जात नसे. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे मुख वर उचलतो, इतक्यात गौतमी येते आणि प्रसंग तेथेच थांबतो. पुढे काय झाले ते कवीने रंगमंचावर आणले नाही. पण उरलेले संपूर्ण नाटक त्या न दाखविलेल्या मीलनावर उभे आहे, आणि सर्वदमन हा त्याचा चालताबोलता पुरावा आहे. सुचविणे म्हणतात ते हे. ज्या रचनेत क्रियेबरोबर प्रेमही नाहीसे होते, तिला सुचविणे म्हणता येणार नाही. तिचे नाव लपविणे. ही कसोटी हाती घेऊन चित्रपटाच्या इतिहासाकडे पाहू.

पहिला मुक्काम बर्लिनचा. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत राज्यक्रांती झाली आणि जुनी सेन्सॉरव्यवस्था तिच्याबरोबर कोसळली. त्या अल्पशा मोकळ्या काळात, १९१९ साली, रिचर्ड ओस्वाल्ड या दिग्दर्शकाने 'आंडर्स आल्स डी आंडर्न', म्हणजे 'इतरांहून निराळा', हा मूकपट काढला. पटकथेत त्याचे सहकारी होते डॉ. माग्नुस हिर्शफेल्ट. पुरुषांमधील संबंधांना गुन्हा ठरविणारे जर्मन दंडसंहितेतील १७५ वे कलम रद्द व्हावे, म्हणून आयुष्यभर झगडलेला हा वैद्य. १९३१ साली जगप्रवासात ते हिंदुस्थानातही येऊन गेले होते. चित्रपटाची कथा एका व्हायोलिनवादकाची. त्याचे आपल्या तरुण शिष्यावर प्रेम आहे. एक खंडणीखोर त्याचा माग काढतो. प्रकरण न्यायालयात जाते. शिक्षा नाममात्र होते, पण कीर्ती आणि उपजीविका दोन्ही जातात, आणि तो विष घेऊन मरतो. ती भूमिका केली होती कॉनराड व्हाइट यांनी, पुढे 'कॅसाब्लांका'त नाझी अधिकारी झालेल्या नटाने.

आज या चित्रपटाचा काही भागच उपलब्ध आहे. त्यात डोळे मिटून घ्यावेत असे एकही दृश्य नाही. गुरू आणि शिष्य एकमेकांकडे पाहतात, हात हातात घेतात. वैद्य व्याख्यान देतो. म्हणजे आजच्या आक्षेपकाला हवा असलेला संयम येथे पुरेपूर आहे. तरीही १९२० साली नवा चित्रपट कायदा होताच त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आली आणि तो केवळ वैद्य व शास्त्रज्ञांपुरता ठेवण्यात आला. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी हिर्शफेल्ट यांची संस्था लुटली, आणि चार दिवसांनी तिच्या ग्रंथालयातील पुस्तके बर्लिनच्या चौकात जाळण्यात आली. संयमाने त्या चित्रपटाला वाचविले नाही. कारण आक्षेप दृश्यावर नव्हताच, तो माणसांवर होता.

दुसरा मुक्काम अमेरिकेचा. तेथे चित्रपटव्यवसायाने १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता तयार केली आणि १९३४ च्या जुलैपासून ती कडकपणे अमलात आणली. पडद्यावरील पती-पत्नींच्या शय्याही निराळ्या ठेवाव्या लागत, इतकी ती सोवळी होती. परंतु स्त्री-पुरुषांचे प्रेम सांगण्यास तिची हरकत नव्हती. ते किती दाखवावे एवढाच प्रश्न होता. समलिंगी आकर्षणाच्या बाबतीत मात्र नुसत्या सूचनेलाही मज्जाव होता. आनंदवर्धन त्या काळी हॉलिवूडमध्ये असता तर त्याला नवल वाटले असते. येथे बंदी ध्वनीवरच होती!

तिचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. १९३४ साली लिलियन हेलमन यांचे 'द चिल्ड्रन्स अवर' हे नाटक गाजले. एका शाळेतील दोन शिक्षिकांमध्ये अनैसर्गिक संबंध आहेत अशी आवई एक विद्यार्थिनी उठविते, आणि त्या आवईने दोघींची आयुष्ये उद्ध्वस्त होतात. विल्यम वायलर यांनी १९३६ साली त्यावर 'दीज थ्री' हा चित्रपट केला, तेव्हा आचारसंहितेमुळे आवईच बदलावी लागली. आता एका शिक्षिकेचा दुसरीच्या नियोजित वराशी संबंध असल्याचे खोटे पसरते, आणि शेवट गोड होतो. त्या चित्रपटातील एक नायिका होती मर्ल ओबेरॉन. ही मुंबईत जन्मलेली मुलगी. आपले हिंदी मूळ उघड झाले तर कारकीर्द संपेल या धास्तीने तिने ते आयुष्यभर दडवून ठेवले. लपविलेल्या कथेत लपलेली नटी, असा हा योग. पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, वायलर यांनीच तीच कथा मूळ स्वरूपात पुन्हा चित्रित केली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आचारसंहिताही थोडी सैल झाली. या वेळी एका शिक्षिकेला, शर्ली मॅक्लेनला, आपले मन खरोखरच मैत्रिणीत गुंतले आहे हे उमगते. ती ते रडत, स्वतःचा धिक्कार करीत सांगते, आणि थोड्याच वेळात गळफास घेते. उच्चाराची परवानगी मिळाली, पण त्याचे मोल मृत्यूने चुकते करण्याच्या अटीवर. अमेरिकन चित्रपटांतील अशा पात्रांचा इतिहास व्हीटो रुसो यांनी १९८१ साली 'द सेल्युलॉइड क्लोजेट' या ग्रंथात मांडला. त्यात त्यांचे खून आणि आत्महत्या यांची यादीच दिलेली आहे.

आता तिसऱ्या मुक्कामाकडे वळू. तो इंग्लंडचा असला, तरी त्याची वाट माळव्यातून जाते. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये हिंदुस्थानात आले असता इंदूरशेजारच्या देवास या मराठा संस्थानी गेले होते, आणि पुढे १९२१ साली तेथील थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने काम केले. त्या वास्तव्यावरील त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक माळव्यातील मराठी वाचकांच्या ओळखीचे असेल. पहिल्या प्रवासाहून परतल्यावर, १९१३-१४ मध्ये, त्यांनी 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कथा, आणि तिचा शेवट सुखाचा असलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. नायक फासावर लटकला असता तर पुस्तक कदाचित छापता आले असते. पण नायक सुखी राहिला, म्हणून ते छापणे शक्य नव्हते. हस्तलिखित मोजक्या मित्रांनी वाचले. १९५७ च्या वोल्फेन्डन समितीच्या शिफारशी दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, इंग्लंडच्या कायद्यात उतरल्या. १९७० मध्ये फॉर्स्टर वारले. आणि १९७१ साली कादंबरी बाहेर आली.

त्याच १९७१ साली जॉन श्लेसिंजर यांचा 'संडे ब्लडी संडे' प्रदर्शित झाला. लंडनमधील एक प्रौढ डॉक्टर आणि एक नोकरदार स्त्री, दोघांचेही एकाच तरुणावर प्रेम आहे. तो तरुण डॉक्टरच्या घरी येतो आणि दोघे एकमेकांचे चुंबन घेतात, नेहमी भेटणारी प्रेमी माणसे घेतात तसे. ना संगीताचा गजर, ना अपराधाची छाया. त्या स्त्रीचे प्रेम दिग्दर्शकाने ज्या मापाने मोजले, त्याच मापाने डॉक्टरचेही मोजले. माझ्या मते त्या दृश्याचे महत्त्व त्याच्या धीटपणात नाही, या समान मापात आहे.

'मॉरिस' १९८७ साली पडद्यावर आली, ती जेम्स आयव्हरी आणि मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट यांच्या जोडीकडून. तीत प्रेमी पुरुषांची विवस्त्र शरीरेही सहजपणे दिसतात. तीस वर्षांनी आयव्हरी यांनी 'कॉल मी बाय युअर नेम'ची पटकथा लिहिली. तिला ऑस्कर मिळाले तेव्हा ते एकोणनव्वद वर्षांचे होते. त्या चित्रपटात निर्णायक क्षणी कॅमेरा शय्येवरून हलतो आणि खिडकीबाहेरच्या झाडांकडे पाहू लागतो. आयव्हरी यांना ते रुचले नाही, आणि त्यांनी ते उघड बोलून दाखविले. दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनो यांचे म्हणणे असे, की त्या दोघांच्या एकांतात नजर घालणे हा निर्दय आगंतुकपणा झाला असता. या वादात मी कोणाचाच पक्ष घेणार नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की दोघांचे बोलणे औचित्याच्या कक्षेतले आहे. प्रेम कोणीच लपविलेले नाही. किती दाखवावे, एवढाच मतभेद उरला आहे. 'गरज काय?' हा प्रश्न निखळ कलेचा प्रश्न होण्यासाठी आधी एवढा मार्ग चालावा लागला.

आपल्याकडे काय घडले? १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम इंग्रजांनी दिले आणि आपण ते स्वातंत्र्यानंतरही जपून ठेवले. १९४२ साली इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' ही उर्दू कथा प्रसिद्ध झाली. सारा प्रसंग एका लहान मुलीच्या नजरेतून येतो. रात्री भिंतीवर रजईची सावली हत्तीसारखी हलते, आणि मुलीला त्याचा अर्थ कळत नाही. ध्वनीचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. तरी लेखिकेवर लाहोरला अश्लीलतेचा खटला झालाच. आक्षेपार्ह शब्द दाखवा म्हटल्यावर तो दाखविता येईना, आणि लेखिका सुटली. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' मराठी रंगभूमीवर आणली. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगविलेली सुमित्रा ही एका मुलीवर प्रेम करणारी तरुणी. तिलाही शेवटी मरावे लागले. वर्षभराने जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त आश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधाचा विषय आला, तो संस्थेपुढील एक समस्या म्हणून.

स्त्री-पुरुषांच्या बाबतीत मात्र आपण 'गरज' हा शब्द फार पूर्वीच वापरून पाहिला होता. १९३३ च्या 'कर्मा'त देविकाराणी आणि हिमांशु राय यांचे चुंबन होते. मधल्या काळात ते पडद्यावरून जवळजवळ दिसेनासे झाले, तेव्हा न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीने १९६९ मध्ये सांगितले, की कथेच्या ओघात आवश्यक असेल तर चुंबनाला हरकत नसावी. हे माप वाजवी होते. ते सर्व प्रेमांना लावले असते, तर पुढचे बरेचसे रामायण टळले असते.

ते रामायण १९९८ साली घडले. दीपा मेहतांचा 'फायर' सेन्सॉर मंडळाने एकही काट न देता, केवळ प्रौढांसाठी म्हणून, संमत केला. दिल्लीच्या एका एकत्र कुटुंबातील दोन उपेक्षित जावा, शबाना आझमी आणि नंदिता दास, एकमेकींच्या आधाराने जगू लागतात आणि एकमेकींवर प्रेम करू लागतात. नोव्हेंबरात तो प्रदर्शित झाला. डिसेंबराच्या आरंभी मुंबईत आणि मागोमाग दिल्लीत चित्रपटगृहांवर हल्ले झाले, आणि चित्रपट पुन्हा मंडळाकडे पाठविण्यात आला. मंडळाने १९९९ च्या प्रारंभी तो पुन्हा विनाकाट संमत केला. हिंदी आवृत्तीत धाकट्या जावेचे सीता हे नाव बदलून नीता झाले होते, तेवढ्याने कोणाचे समाधान झाले नाही. आक्षेपकांचे मुख्य म्हणणे दृश्य लांबले असे नव्हतेच. असे प्रेम आपल्या संस्कृतीत नाही, हे होते. त्यातील मला सर्वात बोलके वाटणारे दृश्य तर सर्वांदेखत घडते. सहलीला सारे कुटुंब बसले आहे, आणि धाकटी जाऊ थोरलीचे पाय चेपते आहे. सासू-सुनांनी एकत्र बसून पाहावे असेच ते दृश्य. भरतमुनींनीही ते वर्ज्य केले नसते. पाहणारे कुटुंब त्यात सेवा पाहते, प्रेक्षक प्रेम पाहतो.

येथवरच्या इतिहासावरून कोणी म्हणेल, की मग जितके अधिक दाखवाल तितकी मुक्ती अधिक. तेही खरे नाही. २०१३ साली कान महोत्सवात अब्देलातिफ केशिश यांच्या 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'ला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि ते दिग्दर्शकाबरोबर दोन्ही अभिनेत्रींनाही देण्यात आले. त्यातील शय्यादृश्य कित्येक मिनिटे चालते. ज्या चित्रकथेवर चित्रपट बेतला, तिच्या समलिंगी निर्मातीनेच त्या दृश्यावर टीका केली : येथे दोन स्त्रियांचे प्रेम दिसत नाही, त्यांच्याकडे पाहणाऱ्याची हाव दिसते. अभिनेत्रींनीही चित्रीकरणाचे ते दिवस किती क्लेशकारक होते हे पुढे सांगितले. अशा दृश्यांत नटनटींची संमती आणि मर्यादा सांभाळण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक नेमण्याची पद्धत २०१८ पासून रुजू लागली, ती उगाच नव्हे. लपविण्यात माणसाचा अपमान होतो, तसा तो हावरेपणाने उघडे करण्यातही होतो. याउलट सेलीन सियामा यांच्या २०१९ च्या 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर'मध्ये चित्रकर्ती आणि तिची नायिका बराच काळ एकमेकींना केवळ न्याहाळतात, आणि प्रेमाचा सारा इतिहास त्या न्याहाळण्यात उमटतो.

मग उघड दृश्ये आवश्यक आहेत काय? सरसकट 'होय' म्हणता येत नाही, तसेच सरसकट 'नाही'ही म्हणता येत नाही. त्या त्या कथेला काय हवे ते पाहावे, आणि नायक-नायिकेच्या प्रणयाला जो नियम लावतो तोच येथे लावावा. संयम सर्वांना सारखा असेल तर ती अभिरुची; एकाच जातीच्या प्रेमाला लावला तर ती शिक्षा. मात्र एक गोष्ट आक्षेपकाने ध्यानात ठेवावी. ३७७ व्या कलमाने मनातील प्रेमाला कधीच गुन्हा म्हटले नव्हते. त्याने गुन्हा म्हटले ते शरीराच्या संबंधाला. जवळजवळ दीडशे वर्षे ज्या स्पर्शाला तुरुंगाची भीती चिकटलेली होती, तो स्पर्श एखाद्या कलावंताने निर्भयपणे, मायेने दाखविला, तर त्याला अनावश्यक म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरते, ते कलम घटनाबाह्य ठरविले. ज्या याचिकेच्या नावाने तो निकाल ओळखला जातो, ते नवतेज सिंग जोहर भरतनाट्यमचे नर्तक आहेत. भरताचे शास्त्र अंगी मुरविलेल्या माणसाने हा न्याय मागावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो. तेथे त्याचा बालमित्र बाळ्या भेटतो. सुतकाचे नियम, नातलगांचे 'लग्न कधी?' हे टुमणे, आईचे न बोलता समजून घेणे, आणि या साऱ्यांच्या मध्ये त्या दोघांची जवळीक, असा तो संथ, हळुवार चित्रपट आहे. त्यात कोणी विष घेत नाही, कोणी गळफास लावून घेत नाही. साबर बोंड म्हणजे निवडुंगाचे फळ. वरचे काटे नीट काढून मगच ते दुसऱ्याच्या हातावर ठेवावयाचे असते. काट्यांना भिऊन ते झाडावरच राहू दिले तर त्याची गोडी कळत नाही, आणि घाईने ओरबाडले तर हात रक्ताळतो. हे आपल्या रानातल्या माणसांना कोणी शिकवावे लागलेले नाही.